तीन सेन्सर एकाच दिवशी मरत नाहीत

तुमची अडचण आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे पुढचं बोलणं नीट लागेल. पंधरा वर्षांचा, २४ व्होल्टचा कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल देणारा) डिझेल ट्रक. खड्ड्यातून गेला किंवा चढावर जोर लावला की मध्येच पिकअप सोडतो, इंजिनचा दिवा पेटतो आणि गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे ताकद कापून कशीबशी चालते. चावी बंद करून पुन्हा चालू केली की बऱ्याचदा सगळं ठीक. स्कॅनरवर पी-०१९२, पी-०२३७ आणि पी-०५२२ हे कोड येतात, आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'कधीकधी पी-०६४२ पण दिसतो'. रेल प्रेशर सेन्सर नवा टाकला, बूस्ट सेन्सर (टर्बोने दाबलेल्या हवेचा दाब मोजणारा) नवा टाकला, फरक काही नाही. आता ऑइल प्रेशर सेन्सर बदलावा की सरळ ईसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, हा तुमचा प्रश्न.

दोन्ही नको. सध्या एकही पार्ट विकत घेऊ नका. तुम्ही जाता जाता लिहिलेला तो चौथा कोडच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

कोड म्हणजे ईसीएमची तक्रार असते. निदान आपण करायचं असतं. ईसीएमला सेन्सर दिसत नाही, त्याला फक्त त्याच्या पिनवर आलेला व्होल्टेज दिसतो. पी-०१९२ चा अर्थ 'रेल प्रेशर सेन्सर खराब' असा नाही. अर्थ एवढाच की त्या सेन्सरच्या सिग्नलच्या तारेवर जेवढा व्होल्टेज किमान असायला हवा, त्याच्या खाली तो गेला. पी-०२३७ म्हणजे बूस्ट सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज कमी. पी-०५२२ म्हणजे ऑइल प्रेशर सेन्सरच्या सर्किटचा व्होल्टेज कमी. तिन्ही तक्रारी 'कमी'च्या आहेत, हे आधी लक्षात घ्या. आणि पी-०६४२ म्हणजे सेन्सरांना पुरवला जाणारा संदर्भ व्होल्टेज, आपण ज्याला फाइव्ह व्होल्ट रेफरन्स म्हणतो, तोच खाली बसला.

हे तिन्ही सेन्सर बहुधा तीन तारांचे असतात. एका तारेवर ईसीएम ५ व्होल्ट देतो, दुसरी तार सेन्सरची अर्थ (अर्थिंग, म्हणजे निगेटिव्हकडे जाणारी तार), तिसरीवरून सिग्नल परत येतो. प्रेशर शून्य असताना सिग्नल साधारण ०.५ व्होल्ट असतो आणि पूर्ण प्रेशरला ४.५ च्या आसपास जातो. खाली-वर अर्धा-अर्धा व्होल्ट मोकळा ठेवलेला असतो तो मुद्दाम, कारण सिग्नल ०.२ वर गेला तर ते प्रेशर असूच शकत नाही, तार तुटली किंवा शॉर्ट झाली हे ईसीएमला कळावं. आता ५ व्होल्टच नाहीसे झाले तर चांगला सेन्सर तरी सिग्नल कुठून देणार? म्हणून एका सप्लायवर जेवढे सेन्सर आहेत तेवढे सगळे एकदम 'कमी'ची तक्रार करतात. वेगवेगळ्या जागी बसलेले, वेगवेगळं काम करणारे तीन सेन्सर एकाच खड्ड्यात एकाच क्षणी खराब होत नाहीत. त्यांच्यात सामाईक काय आहे ते शोधायचं.

तुम्हाला एक शंका येईल: शॉर्ट असेल तर फ्यूज का उडत नाही? कारण या ५ व्होल्टच्या लाइनला फ्यूज नसतो. ईसीएमच्या आतच करंट मर्यादित करणारं सर्किट असतं. लाइन अर्थला टेकली की ते व्होल्टेज पाडतं, स्वतःला वाचवतं, आणि शॉर्ट सुटला की पुन्हा ५ व्होल्ट देऊ लागतं. म्हणूनच तुमची गाडी चावी फिरवल्यावर शहाण्यासारखी चालते. दोष एक क्षण येऊन जातो, पण ईसीएम त्या फेरीपुरता रेल प्रेशरचा ठरावीक पर्यायी आकडा धरून बसतो आणि इंजिनची ताकद कापतो. गाडी बंद का पडत नाही, तर अनेक ट्रकांत ॲक्सिलरेटर पेडलला वेगळा सप्लाय असतो. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात आणि ईसीएम दोन्हींचा ताळमेळ बघत असतो. तो भाग तुमच्याकडे तक्रार करत नाही, म्हणजे तो सप्लाय शाबूत आहे. शोधायची जागा तेवढीच लहान झाली.

हे आरशासारखं उलटही होतं. सेन्सरची अर्थ तुटली तर सिग्नल वर जातो आणि 'जास्त'चे कोड येतात: पी-०१९३, पी-०२३८, पी-०५२३. एकदम तीन 'जास्त' आले तर सेन्सरची सामाईक अर्थ बघायची, एकदम तीन 'कमी' आले तर ५ व्होल्टची तार. तुमच्या ट्रकला नऊ पिनांचं गोल सॉकेट असेल आणि स्कॅनर जे-१९३९ (अवजड गाड्यांतली संदेशांची ठरलेली पद्धत) च्या भाषेत बोलत असेल, तर हेच एसपीएन १५७, १०२ आणि १०० असं दिसेल, आणि प्रत्येकापुढे एफएमआय ४. एसपीएन सांगतो कुठलं सर्किट, एफएमआय सांगतो काय बिघाड. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडं. बरेच जण फक्त एसपीएन वाचून पार्ट मागवतात आणि एफएमआय बघतच नाहीत. खरी खूण तिथेच असते.

आता हात लावायचं काम. कोड खोडण्याआधी सगळे कागदावर उतरवा, फ्रीझ फ्रेमसकट, म्हणजे कोड आला त्या क्षणाची नोंद: आरपीएम किती होता, पाणी किती गरम होतं, वेग किती, लोड किती. खोडल्यावर ती माहिती परत मिळत नाही. मग बॅटरी तपासा, कारण जुन्या गाडीत अर्धे भुताटकीचे कोड तिथूनच येतात. इंजिन चालू असताना २४ व्होल्टच्या गाडीत साधारण २७.५ ते २८.५ व्होल्ट यायला हवेत. सेल्फ मारताना मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिन ब्लॉकच्या स्वच्छ धातूला लावून डीसी व्होल्ट बघा. पाव व्होल्टच्या वर जात असेल तर इंजिनची अर्थ पट्टी काढा, घासा, पुन्हा कसा. ही पट्टी वरून चांगली दिसते आणि बोल्टखाली गंजलेली असते. ओमवर मोजून हा दोष कळत नाही. करंट वाहत असतानाच कळतो.

ते ठीक निघालं की बूस्ट सेन्सरचा कनेक्टर काढा. चावी चालू, इंजिन बंद. मीटर डीसी व्होल्टवर, काळी वायर बॅटरी निगेटिव्हला, लाल वायर कनेक्टरच्या ५ व्होल्टच्या पिनला. ४.९ ते ५.१ दिसायला हवेत. इथे टेस्ट लॅम्प वापरू नका. ही लाइन बल्बचा करंट देण्यासाठी बनलेली नाही, दोष नसताना व्होल्टेज पडेल आणि तुम्ही नको त्या गोष्टीच्या मागे लागाल. पिनमध्ये जाड टोक खुपसू नका, आतली पत्ती फाकते आणि उद्या नवा दोष तयार होतो. तारेच्या इन्सुलेशनला सुई टोचणंही टाळा. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांत आतलं तांबं हिरवं पडतं.

तुमचा दोष ये-जा करणारा आहे, म्हणून बहुतेक ५ व्होल्ट बरोबर दिसतील. तिथेच 'सप्लाय ठीक आहे' म्हणून थांबू नका. मीटर तसाच लावून ठेवा, मिन-मॅक्स (सगळ्यात कमी-जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) असेल तर चालू करा, आणि हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, हलवायला सुरुवात करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, वीतभर वीतभर, हळू. ओढायचं, पिळायचं, क्लिपजवळ दाबायचं. एक माणूस मीटरवर नजर ठेवून. मग इंजिन चालू करून हेच पुन्हा, यावेळी स्कॅनरवर रेल प्रेशरचा लाइव्ह डेटा लावून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. तुमच्या तक्रारीत दोन गोष्टी आहेत, खड्डा आणि चढावरचा जोर. खड्ड्यात सगळंच हलतं, पण जोर लावल्यावर इंजिन माउंटिंगवर एका बाजूला कलतं. म्हणजे जिथे हार्नेस इंजिनवरून चेसिसवर जातो, ती जागा आधी बघा. माउंटिंगचं रबर बसलं असेल तर हा खेळ दुप्पट होतो.

मीटर पडलेला सापडला, म्हणजे ५ ऐवजी ०.३ किंवा २ वगैरे दिसलं, तर त्या सप्लायवरचे सेन्सर एकेक करून काढत जा आणि प्रत्येक वेळी मीटर बघा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले तर आतून शॉर्ट झालेला सेन्सर तोच. मात्र कनेक्टर काढताना तार हलते, म्हणून तो परत लावून दोनदा खात्री करा. सगळे काढूनही व्होल्टेज खालीच राहिला तर बहुधा तारेत शॉर्ट आहे. बॅटरी सोडवा, ईसीएमचा कनेक्टर काढा आणि ५ व्होल्टची तार व चेसिस यांच्यात ओम मोजा. तिथे मीटरने ओएल, म्हणजे सर्किट उघडं, असं दाखवायला हवं. शून्य किंवा थोडे ओम दाखवले, तर तार कुठेतरी धातूला टेकलेली आहे.

असाच एक ट्रक मी हाताळला होता तेव्हाची गोष्ट सांगतो, कारण नेमकं काय शोधायचं ते त्यावरून कळेल. मी त्या गाडीला आधी एक सेन्सर टाकून मोकळा झालो होतो आणि गाडी चौथ्या दिवशी परत आली. तेव्हा हार्नेस पूर्ण उघडला. इनटेक मॅनिफोल्डच्या मागे एक पत्र्याचं ब्रॅकेट होतं, त्याची प्लॅस्टिक क्लिप कधीच तुटलेली. काळी कोरुगेटेड नळी त्या कडेवर टेकून वर्षानुवर्षं घासत होती. ब्रॅकेटची कड एका जागी चांदीसारखी चकचकीत झाली होती, बाकी सगळं ब्रॅकेट तेल आणि धुळीने काळं. मी खूण म्हणून धरतो ती ही चकाकी. नळीला चीर, आत तीन तारा, आणि त्यातल्या एकीच्या इन्सुलेशनवर पेन्सिलच्या टोकाएवढा ठिपका. त्या ठिपक्यातून तांब्याचे दोन तंतू दिसत होते. डोळ्यांना तार अखंड, ओमवर तार अखंड, सेन्सर उत्तम. इंजिन कललं की ते दोन तंतू ब्रॅकेटला शिवायचे. जुन्या गाडीत हार्नेस बघताना मी तेव्हापासून तारा नंतर बघतो आणि चकाकलेल्या कडा आधी शोधतो.

दुरुस्ती करताना घाई नको. पिळून टेप मारलेला जोड इंजिनवर टिकत नाही. उष्णतेने टेपचा चिकटपणा जातो आणि तेल आत शिरतं. त्याच जाडीची तार घ्या, चांगला क्रिंप करा किंवा सोल्डर करा, वरून आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. सोल्डर केलात तर जोडाच्या दोन्ही बाजूंना तारेला आधार द्या, कारण सोल्डर संपतो त्या कडेवर तार थरथरून तुटते. दोन-तीन तारा जोडायच्या असतील तर जोड एकाच रेषेत आणू नका, मागे-पुढे करा. क्रँक सेन्सरच्या (इंजिनचे फेरे मोजणारा) किंवा कॅनच्या (गाडीतल्या कंप्युटरांच्या आपसातल्या संदेशांची लाइन) तारा एकमेकींना पीळ घातलेल्या असतात, तो पीळ तसाच ठेवा. मग हार्नेसला नवी क्लिप. ती नसेल तर तोच दोष पुन्हा येईल, फक्त वेगळ्या तारेवर.

आता तुमच्या मूळ प्रश्नातली दुसरी भीती: ऑइल प्रेशर. पी-०५२२ सर्किटचा कोड आहे आणि बाकीच्यांच्या सोबतीने येतो, म्हणून मी त्याला सप्लायच्या खात्यात टाकतोय. तरीही एकदा सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून इंजिन गरम असताना आयडलला आणि रेसवर प्रेशर बघून घ्या. पंधरा वर्षांच्या इंजिनात हे माहीत असावंच, आणि 'वायरिंगचाच दोष आहे' असं धरून चालवलेल्या गाडीचं बेअरिंग गेलं तर ते नुकसान भरून येत नाही. ऑइलचा दिवा एकटाच, बाकी कोडांशिवाय पेटला, तर गेज लावेपर्यंत इंजिन चालू करू नका.

सर्किटचा कोड आणि प्रत्यक्ष बिघाडाचा कोड यांत फरक करायला शिका, हे पुढेही उपयोगी पडेल. उद्या पी-००८७ आला तर त्याचा अर्थ रेलचं प्रेशर खरोखर कमी पडतंय. तिथे सेन्सर बहुधा खरं बोलत असतो. नावात 'रेल प्रेशर' आहे म्हणून सेन्सर बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलणं. तिथे डिझेल फिल्टर, टाकीकडून हवा ओढणारा पाइप, फीड पंप, इंजेक्टरच्या रिटर्नचं प्रमाण, रेलवरचा प्रेशर लिमिटर व्हॉल्व्ह या क्रमाने जायचं. तसंच पी-०१२८. इंजिन वेळेत गरम होत नाही, अशी ती तक्रार आहे, आणि कारण बहुतेक वेळा उघडा अडकलेला थर्मोस्टॅट असतो.

सेन्सर खरं बोलतोय का हे बघायची सगळ्यात सोपी परीक्षा सकाळी होते आणि तिला स्कॅनरशिवाय काही लागत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की इंजिन चालू न करता चावी चालू करा आणि लाइव्ह डेटा वाचा. पाण्याचं, हवेचं आणि डिझेलचं तापमान दोन-चार अंशांत सारखं दिसायला हवं, कारण सगळं इंजिन रात्रभर एकाच हवेत उभं होतं. एखादा सेन्सर पंधरा अंश वेगळं सांगत असेल तर खोटं बोलणारा सापडला. इनटेकचा, म्हणजे बूस्टचा प्रेशर सेन्सर बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा, समुद्रसपाटीला साधारण १०१ किलोपास्कल आणि उंचावर त्याहून कमी, दर हजार मीटरला साधारण ११-१२ ने घट. रेल प्रेशर शून्याजवळ. बंद इंजिनाच्या रेलमध्ये ४० बार दिसत असतील तर सेन्सरची मोजपट्टी सरकलेली आहे. अशा सरकलेल्या सेन्सरचा कोड कित्येकदा येतच नाही. व्होल्टेज मर्यादेत असतो म्हणून ईसीएम गप्प बसतो आणि गाडी मात्र काळा धूर सोडते.

पाण्याच्या सेन्सरसारखा दोन तारांचा असेल तर आणखी सोपं. कनेक्टर काढला की स्कॅनरवर उणे ४० दिसलं पाहिजे, आणि कनेक्टरच्या दोन पिना छोट्या तारेने जोडल्या की आकडा वरच्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही झालं तर तारा आणि ईसीएम निर्दोष, सेन्सर बदला. झालं नाही तर सेन्सरला हात लावू नका, तार बघा. बऱ्याच सेन्सरांचा रेझिस्टन्स २० अंशाला अडीच हजार ओमच्या आसपास आणि ८० अंशाला तीनशेच्या आसपास असतो. ही जोडायची युक्ती फक्त दोन तारांच्या सेन्सरवर. तीन तारांच्या कनेक्टरमध्ये पिना एकमेकींना जोडू नका.

क्रँक सेन्सरबद्दल तुमची तक्रार नाही, पण जुन्या ट्रकात तो पुढेमागे त्रास देतोच, म्हणून दोन ओळी. गाडी गरम झाल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने चालू होते, अशी लक्षणं असली तर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतोय का बघा. शून्य असेल तर सेन्सर काढून टोक बघा. चुंबकाला लोखंडाचा बारीक चुरा मिशीसारखा चिकटलेला असतो. कधीकधी तेवढा पुसला तरी काम होतं. कॉइलचा रेझिस्टन्स थंड असताना बरोबर आणि गरम असताना उघडा दाखवत असेल तर सेन्सर गेला.

दोन धोके सांगून ठेवतो. इंजिन चालू असताना रेलचा किंवा इंजेक्टरचा हाय प्रेशर पाइप कधीही सैल करू नका. हजार बारच्या वरचं डिझेल दिसतही नाही अशा धारेने कातडीतून आत जातं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण तिला तातडीच्या शस्त्रक्रियेची गरज पडते. गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. आणि चेसिसवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी आणि ईसीएमचे कनेक्टर आधी सोडवा.

ईसीएमचा संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. सगळे सेन्सर सोडवलेले, ५ व्होल्टची तार ईसीएमच्या कनेक्टरमधूनच बाहेर काढलेली, ईसीएमचा स्वतःचा सप्लाय आणि अर्थ लोडवर तपासलेली, आणि तरीही ईसीएमच्या पिनवर ५ व्होल्ट येत नसतील, तरच तो दोषी. तुमच्या बाबतीत ५ व्होल्ट आपोआप परत येतात, म्हणून माझा अंदाज तिकडे अजिबात जात नाही.

तुम्ही काढलेला जुना बूस्ट सेन्सर फेकला नसेल तर जपून ठेवा, तो बहुतेक चांगला आहे. हार्नेसचा दोष मिटल्यावर तो परत लावून सकाळची हवेच्या दाबाची परीक्षा घ्या आणि नव्याशी आकडा ताडून बघा. ज्याचा आकडा बाहेरच्या दाबाला जवळ तो गाडीत ठेवा. रेल प्रेशर सेन्सर मात्र पुन्हा उघडू नका. त्याची सील होणारी कड एकदा कसल्यावर दबलेली असते, जुना परत बसवला तर तिथून गळती सुरू होते.